खात्री मध्यम

कर्नल प्रेंटिसने माझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र इतकं सुंदर होतं, की वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘रोझॅन कुझमा ही माझ्या हाताखाली काम केलेल्या विश्लेषकांमधली सगळ्यांत प्रामाणिक मुलगी.’ प्रामाणिक! हा शब्द लिहिताना त्याचा हात कसा अडखळला नाही, देव जाणे.

पण पत्र मीच मागितलं होतं. मागावंच लागतं. मी पाच वर्षं सैन्यात ड्रोनने टिपलेली चित्रं बघितली. व्हर्जिनियातल्या एका बिनखिडक्यांच्या खोलीत बसायचं, जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी अंगणात काय चाललंय ते बघायचं आणि लिहायचं. त्यातला एकही कागद बाहेर नेता येत नाही. बाकीचे लोक नोकरी मागायला जातात तेव्हा केलेलं काम दाखवतात. आमच्याकडे दाखवायला काही नसतं, आणि ‘हिने काम केलंय बरं का’ असं सांगू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे साहेब. म्हणून या राजधानीच्या शहरात साहेबाशी कुणी भांडत नाही. भांडलात तर तुमची पाच वर्षं झालीच नाहीत.

सैन्य सोडल्यावर मी सुरक्षा अभ्यासाच्या एम.ए.साठी अर्ज केले आणि दोन ठिकाणी निवड झाली. एक पोटोमॅक नदीकाठचं नावाजलेलं विद्यापीठ, आमच्या अर्लिंग्टनच्या घरापासून मेट्रोने वीस मिनिटांवर. तिथे निवृत्त झालेला प्रेंटिसच विभागप्रमुख. पूर्ण शिष्यवृत्ती, शिवाय एका सरकारी कचेरीत अर्धवेळ काम. ते काम शिष्यवृत्तीपेक्षा मोलाचं, कारण त्यामुळे माझा क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कागद बघण्याचा परवाना, जिवंत राहणार होता. हा परवाना दोन वर्षं वापरला नाही की मरतो. तो मेला की या धंद्यात तुम्हाला कुत्रं विचारत नाही.

दुसरं विद्यापीठ ओहायोत, टोलीडोजवळ. वर्गात अकरा विद्यार्थी, आजूबाजूला मक्याची शेतं. विभागप्रमुख हेडविग लोमॅक्स नावाच्या सत्तरीच्या बाई. तिथे सरकारी कचेरी नाही, म्हणजे परवाना गेलाच. उत्तर कळवायची मुदत दोघांचीही एकच, पंधरा एप्रिल.

या लोमॅक्सबाईंनी मार्चमध्ये फोनवर माझी मुलाखत घेतली होती. इकडचं तिकडचं काही नाही, पहिलाच प्रश्न.

“तुझी एखादी चूक सांग.”

“सांगता येणार नाही. गुप्त आहे.”

“घटना गुप्त असेल गं. चूक गुप्त कशी असेल? ती तर तुझी आहे.”

मला असा राग आला! घरात बसून शहाणपण शिकवायला काय जातं? मी म्हटलं, “बाई, तुम्ही कधी त्या खोलीत बसला नाहीत.” त्या म्हणाल्या, “एकोणीस वर्षं बसले. असो. आमच्याकडे आलीस तर पहिल्या दिवसाआधी एक पान लिहून पाठवायचं. देश नको, नावं नकोत. फक्त वाक्याची सुरुवात ‘मी’ने व्हायला हवी.” आणि ठेवला फोन. मी ठरवून टाकलं की ही म्हातारी भोचक आहे, आणि ओहायोचं नाव मनातल्या मनात खोडलं.

माझ्यासोबत राहणारी मैत्रीण जोलीन बाटिस्ट हिला तर यात ठरवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. ती लुइझियानाची, एका खासदाराच्या कचेरीत मतदारांच्या पत्रांना उत्तरं लिहिते, आणि दिवसभर लोकांच्या शिव्या वाचून संध्याकाळी त्या माझ्यावर काढते.

“अगं, ताटात वाढून आणलंय तुला,” ती म्हणाली. “शिष्यवृत्ती, नोकरी, परवाना. आणि तू ओहायोचं पत्र फ्रीजवर चिकटवून बसलीस? लोक तिथून पळून इथे येतात, बाई.”

“प्रेंटिस आहे तिथे.”

“मग? त्यानेच तर आकाशात चढवलंय तुला पत्रात. काय केलंय त्याने?”

हे मी सांगू शकत नव्हते. तीन वर्षं एका घरात राहतोय, माझ्या बाबांनी पेनसिल्व्हेनियाहून पाठवलेल्या मधाच्या बरण्या ही एकटी संपवते, मी मधाला शिवतही नाही, आणि का ते तिला माहीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बुक्की कुणी मारली तेही सांगायचं नाही, सांगितलं तर तुरुंग.

“काही नाही,” मी म्हटलं.

“मग जा की मुकाट्याने.”

तर अकरा एप्रिलला मी गेले. नवीन निवड झालेल्यांसाठी दिवसभराचा कार्यक्रम होता. गळ्यात नावाची पट्टी, हातात कॉफीचा कागदी पेला, आणि सगळ्यांचं ते एकमेकांना हुंगणं. या शहरात कुणी ‘मी कुठे काम करतो’ ते सांगत नाही. ‘सरकारात आहे’ एवढंच म्हणतात, आणि जो जितकं कमी सांगेल तितका तो मोठा. झाकली मूठ सव्वा लाखाची, मग मुठीत काही का नसेना. मीही ‘सरकारात होते’ म्हटलं आणि लोकांनी आदराने मान हलवली, त्याचीही मला चीड आली.

जेवणाआधी प्रेंटिसचा नमुना-वर्ग होता. चाळीसएक जण, पाच-पाच जणांची गोल टेबलं. माझ्या टेबलावर ग्रेडन नावाचा एक तरुण होता, सल्लागार कंपनीतला, मोजे न घालता महागडे बूट घालणारा. त्याच्या शेजारी डेलिया, नेब्रास्काची, कॉलेजातून थेट आलेली, सगळं वहीत उतरवून घेणारी. आणखी दोघे होते, ते फोनमध्ये होते.

प्रेंटिस आत आला. केस पांढरे झालेत, पण चाल तीच, दाराला आधी खांदा लागणारी. मला बघून हसला. “कुझमा! आलीस. छान.” मग सगळ्यांना म्हणाला, “आज एक सराव. तोराविया नावाचा देश आहे. नकाशात शोधू नका, मीच जन्माला घातलाय. कागद वाटतो. दहा मिनिटं वाचा आणि सांगा की चूक कुठे झाली.”

कागद समोर आला. मी पहिला परिच्छेद वाचला आणि माझे कान तापले.

शेताच्या कडेला लाकडी पेट्या, रांगेत. तोंडं झाकलेली माणसं. हातमोजे. पेट्यांपाशी पांढरा धूर. चाल मुद्दाम संथ. पहाटेच्या थंडीत पेट्या आतून गरम.

हे माझंच जुनं प्रकरण होतं. देश बदलला होता, महिना बदलला होता, माणसं चारऐवजी सहा केली होती. आमच्या धंद्यात असंच शिकवतात, ओळख पटेल ते सगळं बदलायचं. पण पेट्या तशाच ठेवल्या होत्या. त्याच्या लेखी त्या ओळख पटण्यासारख्या नव्हत्याच. तो शहरात वाढलेला माणूस, त्याला त्या पेट्यांमध्ये कधी काही दिसलंच नव्हतं.

मला दिसलं होतं. माझे दिदो, म्हणजे आईचे वडील, डोंगराच्या उतारावर मधमाश्या पाळायचे. हिवाळ्यात माश्या जिवंत आहेत का बघायचं तर पेटी उघडत नाहीत, नुसता तळहात ठेवतात. आत हजारो माश्या एकमेकींना बिलगून ऊब धरतात, ती फळीतून लागते. लहानपणी दिदो माझा हात धरून फळीवर ठेवायचे. ‘बघ, श्वास घेताहेत,’ म्हणायचे. त्या दिवशी, चार वर्षांपूर्वी, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात त्या पेट्या मधोमध उजळ दिसल्या तेव्हा माझ्या तळहाताला ते कळलं. आणि आणखी एक होतं. त्या चौघांमधला एक म्हातारा हातमोजे घालत नव्हता. उष्णतेच्या चित्रात उघडे हात पांढरे चमकतात. स्फोटकं हाताळणाऱ्या टोळीत तिघांनी मोजे घालायचे आणि सगळ्यांत जुन्याने उघड्या हाताने काम करायचं, असं कुठे असतं का? पण मधमाश्यांच्या माणसांत तसंच असतं. माझे दिदोही मोजे घालत नसत.

मी लिहिलं होतं: ‘स्फोटकांची कार्यशाळा असण्याची शक्यता. खात्री कमी. ही माणसं मधमाश्या पाळणारी असू शकतात.’ आमच्याकडे प्रत्येक निष्कर्षाखाली खात्री लिहावी लागते: कमी, मध्यम किंवा जास्त. त्या एका शब्दावर पुढचं सगळं हलतं. प्रेंटिसने ते वाचलं, म्हणाला, “कुझमा, हे पेनसिल्व्हेनिया नाही.” दुसरं वाक्य काढलं. ‘कमी’ खोडून ‘मध्यम’ केलं. “कमी लिहिलेला कागद वर कुणी वाचत नाही. गरम पेट्या आहेत, रसायनं शिजताहेत, लहान पोरालाही कळेल.” मग पान माझ्यासमोर सरकवलं, कारण खाली सही विश्लेषकाची लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेपणास्त्र पडलं. आठवड्याने जमिनीवरून काढलेले फोटो आले. फुटलेल्या फळ्या, मेणाच्या चौकटी, आणि त्यांच्यावर काळ्या ठिपक्यांचा थर. ठिपके काय होते ते मला कुणी सांगावं लागलं नाही. प्रेंटिस म्हणाला, “वाईट झालं. पण आपण पद्धत सोडली नाही.”

आणि आता त्याच माणसाने वाटलेल्या कागदावर शेवटचा परिच्छेद असा होता: ‘कनिष्ठ विश्लेषकाने मध्यम खात्री दिली. दुसरी कोणतीही शक्यता नोंदवली नाही. वरिष्ठांनी त्या मूल्यमापनावर विसंबून निर्णय घेतला.’

मी ते तीनदा वाचलं. चोर तो चोर, वर शिरजोर! माणसं मारली ती मारली, खोडलेलं वाक्य गिळलं, आणि आता दरवर्षी चाळीस पोरांना माझ्या डोक्यावर खापर फोडायला शिकवत होता.

“सोपं आहे,” ग्रेडन पेन आपटत म्हणाला. “ज्युनियर गाढव होता. त्याला हाकलायला हवं होतं.”

“कशावरून गाढव?” मी विचारलं.

“दुसरी शक्यताच लिहिली नाही ना! पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा लिहितो.” तो माझ्याकडे वाकला. “तू एवढी का तापतेस? तुझा भाऊ होता का तो?”

फोनमधले दोघे हसले. डेलियाने वहीत काहीतरी लिहिलं.

प्रेंटिसने टेबलागणिक उत्तरं मागवली. सगळीकडे तेच. ज्युनियरला प्रशिक्षण कमी पडलं. ज्युनियरने घाई केली. ज्युनियरला वरिष्ठांना खूश करायचं होतं. प्रेंटिस मान हलवत फळ्यावर लिहीत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती. उठून ओरडावं आणि सगळं सांगावं असं वाटत होतं, पण सांगणार काय? देशाचं नाव घेतलं की गुन्हा. महिना सांगितला की गुन्हा. ‘असं खरंच घडलं’ एवढं म्हटलं तरी गुन्हा.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हा गुन्हा त्यालाही लागू आहे.

मी हात वर केला.

“सर, हा देश खोटा आहे ना?”

“तोराविया? म्हटलं ना, माझंच बाळ आहे ते.” लोक हसले.

“म्हणजे त्याबद्दल काहीही बोललं तरी चालेल.”

“अर्थात. त्यासाठीच तर बनवलाय.”

“मग या पेट्यांमध्ये मधमाश्या आहेत.”

आता सगळा वर्ग हसला. ग्रेडनने कपाळावर हात मारला. प्रेंटिस मात्र हसला नाही. त्याच्या हातातला खडू फळ्यावरच टेकलेला राहिला.

“तोंडं झाकली कारण माश्या चावतात,” मी म्हणाले. “धूर करतात कारण धुराने माश्या शांत होतात. हळू चालतात कारण भराभर हललं की माश्या उठतात. थंडीत पेट्या गरम, कारण आत माश्या जिवंत आहेत. कुठल्याही खेड्यातल्या माणसाला विचारा.”

हसणं थांबलं. डेलिया हळूच म्हणाली, “आमच्याकडे माझी मावशी पाळते. खरंच असंच असतं.”

“आणि सर, तोरावियातल्या त्या ज्युनियरनेही हे लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात. खात्री कमी, आणि मधमाश्यांचं वाक्य. कुणीतरी ते वाक्य काढलं आणि कमीचं मध्यम केलं. तो पहिला मसुदा या कागदाला का जोडलेला नाही?”

“सरावात पहिला मसुदा नाही,” प्रेंटिस म्हणाला. आवाज सपाट, त्या खोलीतला.

“मग घाला. तुमचंच बाळ आहे ना? शेवटचं पेन कुणाच्या हातात होतं तेही घाला.”

“कुझमा, तू सरावात नसलेल्या गोष्टी घुसडते आहेस.”

“देशच नाहीये सर, मग नसलेल्या गोष्टी कुठल्या?”

त्याने माझ्याकडे बघितलं. ‘हे खरं नाही’ म्हणावं तर कशाबद्दल बोलतोय ते कबूल करावं लागेल, ‘खरं आहे’ म्हणावं तर तुरुंग. चार वर्षं जे मी गिळत होते ते आता त्याच्या घशात होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, भरपूर झाला.

तो आनंद मिनिटभर टिकला. डेलियाने हात वर केला. ती माझ्या बाजूची होती, तिचा काही वाईट हेतू नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“पण मग एक कळत नाही,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “ज्युनियरला माहीत होतं की मधमाश्या आहेत, तर तिने बदललेल्या कागदावर सही का केली?”

तिच्या तोंडून ‘तिने’ आलं. वर्गात आणखी कुणाच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. उत्तरादाखल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वय तेवीस होतं. तो कर्नल होता. सही केली नसती तरी दुसऱ्या कुणी केली असती. ही सगळी उत्तरं मी चार वर्षं रोज स्वतःला दिली होती, आणि त्या मुलीच्या तोंडाकडे बघताना एकही जिभेवर येईना.

“सरावात ते नाही,” मी म्हणाले.

प्रेंटिसने लगेच घड्याळ बघितलं आणि जेवणाची सुटी दिली.

त्याने मला जिन्यापाशी गाठलं. मी तयारीत होते. परवाना काढून घेण्याची धमकी देईल, पत्र मागे घेईल, काहीतरी करेल. पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“कुझमा, तू अजून ते मनात धरून बसलीस? अगं, मी चौकशीत तुझं नाव येऊ दिलं नाही. तुला सांभाळून घेतलं मी.”

“माझं नाव? बदललं कुणी होतं?”

“काय बदललं?”

“कमीचं मध्यम.”

तो गोंधळला. खरंच गोंधळला, नाटक नव्हतं. मी त्याच्याबरोबर पाच वर्षं काढलीत, त्याचं नाटक मला ओळखू येतं. “तू मध्यमच लिहिलं होतंस,” तो म्हणाला. “मधमाश्यांचं तू नंतर म्हणालीस, फोटो आल्यावर. म्हणून तर मला तुझी दया आली.”

खोटं बोलणाऱ्याच्या मुस्कटात मारता येते. खोटं आठवणाऱ्याचं काय करायचं? माझा पहिला मसुदा कुठल्यातरी कुलूपबंद यंत्रात आहे, आणि तो उघडायचा अधिकार आज मलाही नाही आणि त्यालाही नाही. तो ज्या गोष्टीत राहत होता त्यात तो भला साहेब होता आणि मी चुकलेली पोर. वर पुन्हा माझ्यावर उपकार करत होता.

“जागा तुझीच आहे,” तो म्हणाला. “आजचं मी विसरलो.”

“विसरण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही, सर,” मी म्हणाले आणि खाली उतरले. जेवायला थांबले नाही.

घरी आले तर जोलीन स्वयंपाकघरात टोस्टवर मध ओतत होती. मी धाडकन पिशवी टाकली. नावं न घेता, देश न घेता, जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं: साहेबाने माझा कागद बदलला होता आणि आज भर वर्गात त्याचं खापर माझ्यावर फोडलं.

जोलीनचे डोळे चमकले. “मग तर तिथेच जा! पुढच्या बाकावर बस. दर आठवड्याला हात वर कर. सळो की पळो करून सोड त्या थेरड्याला. दोन वर्षं फुकट शिक्षण आणि वर करमणूक!”

खरं सांगते, मला मोह झाला. तीन दिवस झाला. मी मनातल्या मनात प्रश्न रचत होते, त्याचा तो खडू टेकलेला हात आठवत होते, आणि प्रत्येक वेळी शेवटी डेलिया हात वर करायची. सही का केली? तिथे गेले असते तर दोन वर्षं मी प्रेंटिसवर रागावून आरामात काढली असती. तो इतका चुकलेला आहे की त्याच्या शेजारी उभं राहिलं की मी आपोआप बरोबर ठरते. माझ्यावर मला राग काढायचा होता, आणि चार वर्षं मी तो त्याच्यावरच काढत आले होते.

चौदा तारखेला मी बाबांना फोन केला. म्हटलं, ओहायोला जातेय.

“ओहायो?” बाबा म्हणाले. आमच्या गावात ओहायोबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. “तिथे काय ठेवलंय?”

“एक म्हातारी आहे.”

“आणि ती सरकारी नोकरी? तो तुझा परवाना?”

“जाईल.”

बाबांनी विषय बदलला. मग म्हणाले, “दिदोच्या पेट्या या हिवाळ्यात सगळ्या वाचल्या. बरणी पाठवू?”

“पाठवा,” मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.

पंधरा तारखेला सकाळी मी पोटोमॅककाठच्या विद्यापीठाला नकार कळवला. त्यांच्या अर्जात कारण लिहायला चौकोन होता. मी त्यात प्रेंटिसबद्दल अर्धं पान लिहिलं, चांगलं झणझणीत, मग सगळं खोडलं आणि चौकोन रिकामा सोडला. तासाभरात त्याचा दोन ओळींचा निरोप आला की तुझं वाईट वाटलं, पुढेमागे पत्र लागलं तर कळव. माझ्या मनात त्याच्याबद्दल आजही काही मऊ नाही. त्याचा तो वर्ग पुढच्या वर्षीही भरणार, आणि कुणीतरी ग्रेडन पुन्हा ज्युनियरला गाढव म्हणणार.

मग मी लोमॅक्सबाईंसाठीचं पान उघडलं. देश नको, नावं नकोत, सुरुवात ‘मी’ने. पहिल्यांदा लिहिलं, ‘मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या वरिष्ठांनी…’ ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘मी नाही म्हणू शकत नव्हते, कारण…’ तेही खोडलं. जोलीन कामावर गेली होती. खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी उभी होती, तिचा आवाज थांबेपर्यंत मी नुसती बसून राहिले.

शेवटी तीन वाक्यं झाली. ‘मी मधमाश्या पाळणाऱ्या घरातली आहे. मी त्या पेट्या ओळखल्या होत्या. मी सही केली.’

एवढंच होतं. सवयीने मी खाली खात्रीचा रकाना शोधला. त्या पानावर तो नव्हता. मग मीच आखला, आणि त्यात लिहिलं: जास्त.